मोटरपासून मातीपर्यंत
रिमोटवरच्या रणगाड्याला धातूचे भाग लावताना

भारतीय लष्कराचा टी-90 ‘भीष्म’ रणगाडा 46.5 टनांचा आहे. त्याची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी सोळा पटींनी कमी केली, तर वजन 16 गुणिले 16 गुणिले 16, म्हणजे 4,096 पटींनी उतरायला हवं. भागाकार केला की उत्तर येतं सुमारे 11 किलो 350 ग्रॅम. खोक्यातून निघालेला याच प्रमाणातला, रिमोटवर चालणारा प्लॅस्टिकचा टी-90 मात्र तीन-चार किलोंच्या आसपासच भरतो. रंग, तोफ, बुरूज सगळं हुबेहूब असतं, पण चालायला लागला की सोंग उघडं पडतं. मुरमाचा खडा आडवा आला की तो टुणकन उडतो. खरा रणगाडा उडत नाही. त्याची चाकं एकामागून एक वर उचलली जातात, धड जवळपास जागेवर राहतं, आणि खडा पट्ट्याखाली दबून जातो.

हा हलकेपणा घालवायचा म्हणून हौशी मंडळी धातूकडे वळतात. पोलादी गिअर, जस्ताच्या मिश्रधातूचे पट्टे, धातूची चाकं, ॲल्युमिनियमची तोफ, शेवटी धातूचा सांगाडा, असा हा प्रवास असतो. चीनची हेंग लाँग कंपनी 1:16 प्रमाणातले तयार रणगाडे विकते आणि त्यांच्याच धातू लावलेल्या वरच्या आवृत्त्याही काढते. तायगेन आणि मातो यांचे धातूचे सुटे भाग हौशी लोकांत परिचयाचे आहेत. जपानच्या शिझुओकातली तामिया याच प्रमाणातले, स्वतः जोडायचे संच बनवते. पैसे असले की भाग मिळतात. अडचण पुढची आहे. आधी काय बदलायचं, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. दिसायला भारी म्हणून कोणी आधी पट्टे घेतो आणि महिन्याभरात गिअरचे दात घालवून बसतो. गिअर बदलले तर पट्ट्याचं दातेरी चाक झिजतं, ते बदललं तर पुढच्या चाकाचा आस मोडतो. एक जागा मजबूत झाली की ताण शेजारच्या कच्च्या जागेवर जातो. म्हणून धातू लावण्याचा क्रम ताकदीच्या वाटेने ठरवायचा. ही वाट मोटरपासून निघते आणि मातीत संपते.

आत काय असतं

रिमोटच्या रणगाड्यात सुकाणू नसतं. दोन मोटरी असतात आणि एकेक मोटर एकेक बाजू ओढते. दोन्ही सारख्या फिरल्या की गाडी सरळ जाते. डावी थांबवून उजवी चालवली की ती डावीकडे वळते. वखर हाकणारा माणूस धुऱ्याशी आला की आतला बैल थांबवतो आणि बाहेरचा चालवतो, तसंच हे. एक बाजू पुढे आणि दुसरी मागे फिरवली तर गाडी जागच्या जागी गोल फिरते.

मोटरीच्या दांड्यावर छोटा गिअर असतो, त्याला पिनियन म्हणतात. तो मोठ्या गिअरला फिरवतो, तो पुढच्याला, आणि तीन-चार टप्प्यांनंतर बाहेर पडणाऱ्या शाफ्टवर दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट बसतं. स्प्रॉकेटचे दात पट्ट्याच्या कड्यांत अडकतात आणि पट्टा ओढतात. दुसऱ्या टोकाला आयडलर नावाचं मोकळं चाक असतं. ते पट्टा ताणून धरतं. मधल्या चाकांवर गाडीचं वजन पडतं. टी-90 ला अशी चाकं दर बाजूला सहा आहेत, आणि वरून परतणारा पट्टा लोंबू नये म्हणून तीन छोटे रोलर आहेत. चाकांचे दांडे टॉर्शन बारवर, म्हणजे पिळल्या जाणाऱ्या पोलादी सळयांवर टेकलेले असतात. मॉडेलमध्ये सळईच्या जागी बहुधा साधी स्प्रिंग भेटते.

मोटर, पिनियन, गिअर, शाफ्ट, स्प्रॉकेट, पट्टा, माती. ही साखळी ध्यानात ठेवली की पुढचं सगळं सोपं होतं.

प्लॅस्टिकचा दात काय करत होता

आधी वेगाचा हिशेब करू. खरा टी-90 रस्त्यावर ताशी 60 किलोमीटरपर्यंत धावतो. सोळाव्या हिश्शाने हा वेग ताशी 3.75 किलोमीटर होतो, म्हणजे माणसाच्या रमतगमत चालीएवढा. सेकंदाला साधारण 104 सेंटिमीटर. मॉडेलच्या स्प्रॉकेटचा परीघ 12 सेंटिमीटर धरला, तर त्याने सेकंदाला पावणेनऊ आणि मिनिटाला सुमारे 520 फेरे घ्यायला हवेत. मोटर मिनिटाला 14,000 फेरे घेते असं धरलं, तर मधल्या गिअरांनी वेग 27 पटींनी उतरवायला हवा. शेतातल्या चालीला, म्हणजे ताशी 40 किलोमीटरच्या हिशेबाला, हाच आकडा 40 पटींवर जातो. बरेच स्वस्त रणगाडे याहून कमी उतरवणीचे असतात, म्हणून ते मोटारगाडीसारखे सुसाट पळतात. वेग जितका उतरवाल तितकी ओढ वाढते, घर्षणात थोडी गळते एवढंच. म्हणून जड गाडीला जास्त उतरवणीचा गिअरबॉक्स घेणं हे डौलासाठीही बरं आणि मोटरीसाठीही.

आता दातांकडे. प्लॅस्टिकचा गिअर स्वस्त असतो, आवाज कमी करतो आणि हलक्या गाडीला वर्षानुवर्षं पुरतो. त्याचा आणखी एक उपयोग आहे, तो गाडी बंद पडल्यावर कळतो. पट्ट्यात काडी किंवा खडा अडकून चाक जाम झालं की प्लॅस्टिकचा दात तुटतो आणि बाकी सगळं वाचतं. म्हणजे तो न सांगता फ्यूजचं काम करत असतो. पोलादी गिअर बसवला की हा फ्यूज काढून टाकल्यासारखं होतं. दात आता तुटणार नाही, तेव्हा जाम झालेली मोटर तशीच अडून बसते.

अडलेली मोटर काय करते? फिरणारी मोटर स्वतःच उलटा दाब तयार करते आणि त्यामुळे तिच्यातला करंट आवरला जातो. फिरणं थांबलं की तो दाब नाहीसा होतो आणि करंटला अडवायला फक्त तारेचा रोध उरतो. बॅटरी 7.4 व्होल्टची आणि तारेचा रोध 0.7 ओहम धरला, तर करंट साडेदहा अँपिअरच्या वर जातो. सुमारे 78 वॅट, आणि त्यातला एकही वॅट गाडी हलवण्यात जात नाही. 28 मिलिमीटर व्यासाच्या डबीत ही सगळी उष्णता कोंडते. काही सेकंदांत तारेवरचं वार्निश जळल्याचा वास येतो, नाहीतर सर्किट बोर्डावरचा ट्रान्झिस्टर जातो. म्हणून पोलादी गिअरबॉक्स घालण्याआधी बॅटरीच्या तारेवर खरा फ्यूज लावायचा. मोटारसायकलच्या दुकानात मिळणारा पातीचा फ्यूज काही रुपयांचा असतो आणि हजारोंचा बोर्ड वाचवतो. धातू चढवण्याची सुरुवात या काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या वस्तूपासून होते, हे गमतीचं वाटलं तरी खरं आहे.

गिअरबॉक्स घेताना सगळे दात एकाच कडकपणाचे आहेत का, ते बघावं. पिनियनला 12 दात आणि पुढच्या गिअरला 48 असतील, तर मोठ्याच्या एका फेरीत पिनियनचा प्रत्येक दात चार वेळा घासतो. म्हणून पिनियन जास्त कडक हवा. पोलादी पिनियन आणि पितळेचा पुढचा गिअर ही जुनी जोडी यासाठीच टिकते. शाफ्ट नुसत्या भोकात फिरत असेल तर तिथे पितळी बुश किंवा बॉल बेअरिंग हवं. आणि गिअरबॉक्स ज्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर स्क्रूने बसतो, त्या खुंट्या बघायला विसरू नये. पोलादी गिअरबॉक्सने खुंट्याच उपटून काढणं हा या छंदातला नेहमीचा अपघात आहे. खुंट्यांखाली ॲल्युमिनियमची पट्टी घालून आरपार नट-बोल्ट लावला की काम भागतं.

पट्टा आणि स्प्रॉकेट एकत्रच

पट्टे बदलायचे तर स्प्रॉकेट त्याच दिवशी बदलावं. धातूची कडी प्लॅस्टिकच्या दाताला कानशीसारखी घासते. मऊ दात अणकुचीदार होतात, मग कडी दातावर चढते, खटकन आवाज होतो आणि पट्टा निसटतो. आयडलरचंही तेच. जड पट्टा ताणायचा म्हणजे आयडलरच्या आसावर सतत वाकवणारा जोर येतो, आणि प्लॅस्टिकचा आस तो फार दिवस सोसत नाही. पट्टे, स्प्रॉकेट, आयडलर आणि ताण कमी-जास्त करायची सोय या चार गोष्टी मिळून एक खरेदी समजावी.

पट्ट्याची झीज कशी होते, हे बघायचं तर यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्याला परदेशी पुस्तक लागत नाही. वणी तालुक्यात उकणी, कोलारपिंपरी, जुनाड या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) उघड्या खाणी आहेत. वर्धा खोऱ्याच्या या कोळसा पट्ट्यात डोझर आणि पोकलेन दिवसरात्र पट्ट्यांवर चालतात. स्प्रॉकेट, आयडलर, रोलर, पिन आणि बुश हे शब्द तिथल्या फिटरच्या तोंडी रोजचे आहेत, आणि यंत्राच्या पोटाखालच्या या भागांवर डोझरच्या देखभाल खर्चाचा जवळपास निम्मा वाटा जातो असं धरलं जातं.

तिथली झीज अशी असते. कडीला कडी जोडणारी पिन बुशमध्ये फिरते. प्रत्येक वेळी पट्टा स्प्रॉकेटवर वळला की पिन बुशला एकाच बाजूने घासते. झीज एका बाजूची, म्हणून दोन कड्यांतलं अंतर थोडं वाढतं. एका कडीत ते दिसतही नाही. मॉडेलच्या पट्ट्यात 80 कड्या धरल्या आणि प्रत्येक जोडात 0.1 मिलिमीटर झीज झाली, तर पूर्ण पट्टा 8 मिलिमीटरने लांबतो. नुसता लांबत नाही, कड्यांचं अंतर आणि दातांचं अंतर यांचा मेळही बिघडतो, आणि मग चांगले दातही खराब व्हायला लागतात. डोझरमध्ये पिन आणि बुश काढून 180 अंशांत फिरवून पुन्हा बसवतात. न झिजलेली बाजू कामाला येते आणि तेवढ्याच सामानाला दुसरं आयुष्य मिळतं. मॉडेलमध्ये पिन पातळ असते, म्हणून ती सरळ बदलतात. पट्टा फार लांबला तर एक कडी काढतात. पण कडी काढून ताण आणला, तरी दातांशी बिघडलेला मेळ सुधारत नाही. तो सुधारायचा तर पिनाच बदलाव्या लागतात.

ताणाचीही एक रीत आहे. पोकलेनचा आयडलर ग्रीस भरलेल्या सिलिंडरने पुढे ढकललेला असतो. ग्रीस गनने ग्रीस भरलं की पट्टा ताणतो, व्हॉल्व्ह ढिला केला की सैल पडतो. चिखलात काम असलं की जाणकार चालक पट्टा थोडा सैल करतो. कारण ओली माती स्प्रॉकेटच्या दातांत थर धरते, चाकाचा व्यास वाढवते आणि आधीच ताणलेला पट्टा आणखी आवळते. मग पिन, बुश, बेअरिंग सगळ्यांवर भार येतो. मॉडेलच्या आयडलरला ताणाचा स्क्रू असेल तर हाच नियम लागू पडतो. कोरड्या मुरमावर बेताचा ताण, ओल्यात थोडी ढील. पट्टा सतारीच्या तारेसारखा ताठ दिसला की हौशी माणसाला बरं वाटतं, पण बिचाऱ्या मोटरीची निम्मी ताकद पट्टा वाकवण्यात जाते.

स्प्रॉकेट पुढे आहे की मागे, हेही बघावं. टी-90 चं स्प्रॉकेट मागे आहे. पुढे जाताना ते जमिनीवरचा पट्टा ओढतं आणि वरचा भाग सैल राहतो. दुसऱ्या महायुद्धातल्या आणि 1965 च्या युद्धात भारतीय लष्कराने वापरलेल्या शर्मन रणगाड्याचं स्प्रॉकेट पुढे असतं, तिथे पुढे जाताना वरचा भाग ताठ होतो. पट्टा निसटायची जागा यावरून बदलते. मागच्या स्प्रॉकेटच्या गाडीत वेगात पुढे जाता जाता एकदम वळलं, तर आयडलरशी सैल पडलेला पट्टा बाहेर पडायला बघतो.

वजन कुठे वाढतं

धातू म्हणजे नेमकं काय, हे वजनाने समजून घेऊ. खेळण्यांचं एबीएस प्लॅस्टिक एका घन सेंटिमीटरला सुमारे 1.05 ग्रॅम भरतं. ॲल्युमिनियम 2.7, पट्ट्यांचं जस्ती मिश्रण 6.7 च्या आसपास, पोलाद 7.85, पितळ साधारण 8.5. प्लॅस्टिकचे दोन्ही पट्टे मिळून 200 ग्रॅमचे असतील, तर तेच आकारमान जस्तात ओतल्यावर सव्वा किलोच्या वर जातं.

हे वजन जमिनीशी आहे, म्हणून गाडी बसकी होते आणि चढावर उलटत नाही. पण पट्ट्याचं आणि चाकांचं वजन स्प्रिंगवर पडत नाही, सरळ जमिनीवर पडतं. खड्यावरून जाताना चाकांनी एकेक करून वर यावं, धडाने शांत राहावं, असं वाटत असेल तर वजन सांगाड्यात हवं आणि स्प्रिंगही त्या वजनाला साजेशी हवी. बरेच जण पट्टे लावूनही उड्या थांबल्या नाहीत म्हणून नाराज होतात, त्याचं कारण हे. बॅटरी मधोमध आणि खाली ठेवणं, तळाला पोलादी पत्रा बसवणं, हे उपाय स्वस्तात होतात.

बुरुजावर मात्र वजन चढवू नये. धातूची जड तोफ लावली की बुरूज फिरवणारी छोटी मोटर धापा टाकते, आणि तोफ वर-खाली करणारी यंत्रणा पुढच्या वजनाने खाली झुकते. तोफ धातूची हवीच असेल तर ॲल्युमिनियमची पोकळ नळी घ्यावी, आणि बुरुजाच्या मागच्या भागात तेवढंच वजन तोलासाठी द्यावं.

वजनाची खरी परीक्षा वळताना होते. सरळ जाताना पट्टा जमिनीवर अंथरला जातो आणि मागून गोळा होतो, त्यात घासणं फार नसतं. वळताना मात्र पट्ट्याची टोकं जमिनीवर आडवी घसरतात. या घसरण्याला लागणारा जोर वजन, जमिनीचं घर्षण आणि पट्ट्याची जमिनीला टेकलेली लांबी या तिघांच्या गुणाकाराने वाढतो. लांबी जास्त आणि दोन पट्ट्यांतलं अंतर कमी असलेली गाडी वळायला हट्टी, म्हणून खऱ्या रणगाड्याचे आराखडे करणारेही या दोन मापांचं गुणोत्तर आवरून धरतात. चार किलोंची गाडी सहा किलोंची केली की वळण्याचा भार दीडपट होतो. धातूचा पट्टा खरबरीत सिमेंटवर असेल तर घर्षणही वाढतं. जागच्या जागी गोल फिरणं बघायला झकास वाटतं, पण मोटरी जळतात त्या तिथेच. जड गाडी रुंद वळणाने फिरवावी.

जस्ताचं दुखणं

पट्टे आणि चाकं ज्या जस्ती मिश्रणाची ओततात त्याचं व्यापारी नाव झामाक. अमेरिकेच्या न्यू जर्सी झिंक कंपनीने 1929 मध्ये ते विकसित केलं. जस्त, सुमारे 4 टक्के ॲल्युमिनियम, थोडं मॅग्नेशियम आणि काही प्रकारांत तांबं अशी त्याची घडण आहे. ते 400 अंश सेल्सिअसच्या आतच वितळतं, साच्यात बारीक नक्षीसुद्धा धरतं आणि साच्याचं आयुष्य वाढवतं. म्हणूनच कड्यांवरचे बारीक दात, खाचा आणि भोकं एकाच ओतकामात निघतात.

पण जस्त अशुद्ध असेल, विशेषतः त्यात शिसं मिसळलेलं असेल, तर काही वर्षांत धातू आतून फुगतो, तडकतो आणि बिस्किटासारखा चुरा होतो. 1930 च्या दशकातल्या ब्रिटिश डिंकी खेळण्यांपैकी बरीच याच रोगाने गेली. तेव्हा अगदीच स्वस्त पट्टा हाती आला तर कड्यांच्या कडेला केसांएवढ्या भेगा आहेत का, ते भिंगाने बघावं. गंजाचाही एक वेगळा प्रकार आहे. जस्ताच्या कडीत पोलादी पिन असते. दोन वेगळे धातू ओल्या मातीत एकत्र राहिले की जस्त आधी खाल्लं जातं आणि जोडाजवळ पांढरी भुकटी दिसते. पावसाळ्यात गाडी चालवली तर पट्टा काढून धुवावा, कापडाने पुसावा, सावलीत वाळवावा आणि मगच डब्यात ठेवावा. पट्ट्याच्या पिनांना ग्रीस लावू नये. ग्रीसमध्ये मुरमाची भुकटी बसली की ते घासण्याच्या लेपाचं काम करतं. पिनांना ग्रॅफाइटची कोरडी पूड बरी. ग्रीस बंद गिअरबॉक्सच्या आत शोभतं.

काळी माती आणि मे महिना

यवतमाळच्या वावरातली काळी माती बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून आलेली, फुगणाऱ्या चिकणमातीची. पाणी लागलं की फुगते, वाळली की भेगाळते. कपाशीला ती मानवते, पण पट्ट्याच्या यंत्राला नाही. पंजाबात खेमकरणजवळ सप्टेंबर 1965 मध्ये असल उत्तरच्या लढाईत पाणी सोडलेल्या शेतांत पाकिस्तानचे पॅटन रणगाडे रुतले आणि भारतीय तोफांच्या माऱ्यात सापडले. चिखल रणगाड्याचा शत्रू, हे तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं आहे.

मॉडेलची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. टी-90 चा दाब जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला 0.9 किलोच्या आसपास असतो. पाच किलोंच्या मॉडेलचे पट्टे सुमारे 190 चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतात असं धरलं, तर दाब 0.026 किलो होतो, म्हणजे पस्तिसाव्या हिश्श्याएवढा. म्हणून मॉडेल रुतत नाही. त्याला अडवतो तो मातीचा चिकटपणा. चिकटण्याचा जोर टेकलेल्या जागेवर अवलंबून असतो, आणि जागा सोळाच्या वर्गाने कमी होते. वजन मात्र सोळाच्या घनाने कमी होतं. म्हणजे सोळाव्या हिश्शाच्या गाडीला, तिच्या वजनाच्या मानाने, काळी माती सोळा पट जास्त चिकटते. वर ढेकळांचा आकार काही लहान होत नाही. आठ सेंटिमीटरचं ढेकूळ तिला खऱ्या रणगाड्यासमोरच्या सव्वा मीटरच्या दगडाएवढं असतं. पावसाळ्यात ओल्या वावरात हा खेळ नको. पाऊस ओसरल्यावर मुरमाड माळ, टेकडीचा उतार, शाळेचं कडक मैदान या जागा चांगल्या. भेगाळलेल्या वावरातही रणगाडा चालवता येतो, पण पट्ट्याची रुंदी बघून, नाहीतर कडेचं चाक भेगेत जातं.

उन्हाळ्याचं गणित बॅटरीचं आहे. मे महिन्यात यवतमाळचा पारा 42 ते 45 अंशांवर असतो, आणि लिथियम बॅटरी चार्ज करण्याची नेहमीची वरची मर्यादा 45 अंशच आहे. दुपारी पत्र्याच्या खोलीत ती चार्जला लावणं धोक्याचं. पहाटे किंवा कूलरच्या खोलीत, डोळ्यांसमोर चार्ज करावी. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लॅस्टिकचे भाग बनवले असतील, तर ते 55 ते 60 अंशांवर मऊ पडतात. दुपारी उन्हात बंद केलेल्या मोटारगाडीत तेवढी उष्णता सहज चढते आणि चाकाचा दांडा वाकडा होऊन बसतो. अशा भागांना पीईटीजी किंवा एबीएस बरं.

घरी काय बनवावं, बाहेरून काय आणावं

केंद्र सरकारने खेळण्यांवरचं सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्क्यांवर आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर नेलं. त्यामुळे परदेशातून पूर्ण धातूचा रणगाडा मागवणं खिशाला जड जातं. साधा रणगाडा घेऊन नेमके भाग बदलणं शहाणपणाचं, आणि त्यातले काही भाग इथेच होतात. यवतमाळ, वणी, पांढरकवडा, दिग्रस भागांत जिनिंगच्या आणि ट्रॅक्टरच्या कामावर चालणारे लेथवाले आहेत. आयडलरचा पोलादी आस, पितळी बुश, ॲल्युमिनियमची तोफ, चाकाच्या कडेचा वॉशर, गिअरबॉक्सखालची पट्टी ही कामं त्यांच्यासाठी अर्ध्या तासाची असतात. जुना भाग सोबत न्यावा आणि वर्णियरने घेतलेलं माप कागदावर लिहून द्यावं. आस भोकात किती ढिला हवा ते तोंडी सांगू नये, दोन्ही वस्तू समोर ठेवाव्यात.

गिअर मात्र बाहेरूनच घ्यावेत. बारीक दातांचा गिअर कापायला मिलिंग मशीन, दात मोजून वळवायची यंत्रणा आणि योग्य कटर लागतो. नुसत्या लेथवर ते होत नाही, आणि एका दाताची चूक पूर्ण जोडीला खाते. स्प्रॉकेटचंही तेच, कारण त्याच्या दातांचं अंतर पट्ट्याशी तंतोतंत जुळावं लागतं.

खरे भाग बघायचे असतील तर अहिल्यानगरला (पूर्वीचं अहमदनगर) रणगाड्यांचं संग्रहालय आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलचं हे संग्रहालय फेब्रुवारी 1994 मध्ये सुरू झालं. चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात बनलेला विजयंता, सेंचुरियन, पॅटन असे रणगाडे तिथे जवळून बघता येतात. मॉडेल बनवणाऱ्याने तिथे तोफेपेक्षा पोटाखाली जास्त वेळ घालवावा. कडीची पिन बाहेर येऊ नये म्हणून टोकाशी काय केलंय, आयडलरचा दांडा कसा हलतो, पट्ट्याचा सैल भाग किती लोंबतो, हे डोळ्यांनी बघितलं की मॉडेलवरचे निम्मे प्रश्न सुटतात.

क्रम असा ठेवावा

नवा रणगाडा आला की आधी तो जसा आहे तसा चालवावा आणि कुठे काय अडतं ते बघावं. मग बॅटरीच्या तारेवर फ्यूज. त्यानंतर जास्त उतरवणीचा पोलादी गिअरबॉक्स, आणि त्याच बैठकीत त्याखालच्या खुंट्यांना पट्टीचा आधार. मग स्प्रॉकेट, आयडलर, ताणाचा स्क्रू आणि पट्टे एकत्र. गाडी जड झाली की चाकांचे दांडे आणि स्प्रिंगा. तोफ आणि इतर नटवणूक सगळ्यात शेवटी. प्रत्येक टप्प्यानंतर गाडी पाच मिनिटं चालवून मोटरीला हात लावून बघावा. हात ठेववत नसेल इतकी ती तापली, तर पुढचा धातू घेण्याआधी भार कुठे अडतोय ते शोधावं. पट्टा फार ताठ असेल, एखादं चाक घासत असेल किंवा गिअर घट्ट बसला असेल. दोष सापडेपर्यंत खरेदी थांबवावी. धातू चुकीच्या जागी लावला तर दोष दाबला जातो, आणि तो पुढच्या भागातून आणखी महागात बाहेर येतो.